शर्यत एका दिवसाची नव्हे

हंगाम हा शब्द आम्हां उत्तर गोव्याच्या लोकांच्या तोंडी बारा महिने असतो. काजूचा हंगाम, आंब्याचा हंगाम, पेडण्याकडे दशावतारी मंडळींचा दहीकाल्यांचा हंगाम. आणि आमच्या डिचोली तालुक्यात या सर्वांहून मोठा मानला गेलेला खाणीचा 'सीझन'. पाऊस ओसरला की तो सुरू व्हायचा आणि पुढचा पाऊस आला की थांबायचा. या मधल्या महिन्यांत ज्याने जे कमावले त्यावर त्याचे वर्ष निघायचे. एखाद्या दिवशी किती मिळाले याला कोणी फारसे महत्त्व देत नसे. सीझनअखेर हातात काय उरले, एवढेच विचारले जाई.

मोटारींच्या शर्यतीलाही असाच हंगाम असतो, असे सांगितले की आमच्या वसतिगृहातील मित्र हसतात. त्यांच्या मते शर्यत म्हणजे घटकाभराचा मामला. निशाण पडले, धूळ उडाली, पुढे गेला तो जिंकला! बेळगाव भागात बैलगाड्यांच्या शर्यती पाहिलेल्या मित्रांची आणि किनाऱ्याकडील कंबळा पाहिलेल्या कन्नड विभागातील मित्रांची अशी समजूत असणे स्वाभाविक आहे. ती थोडी दूर करावी, हा या लेखाचा हेतू. त्यामागे आणखी एक कारण आहे, ते ओघात येईल.

प्रथम 'टूरिंग कार' म्हणजे काय ते पाहू. मोटारींच्या शर्यती म्हटल्या की आपल्या डोळ्यांसमोर फॉर्म्युला वनची मोटार येते. एकच माणूस बसेल अशी, उघड्या चाकांची, जमिनीला चिकटून चालणारी. ती बाजारात मिळत नाही; शर्यतीसाठीच जन्मते. टूरिंग कारचे तसे नाही. ती मूळची तुमच्या-आमच्या दारात उभी राहणारी, चार माणसे आणि सामान घेऊन प्रवासाला जाण्याची गाडी. तिला छप्पर असते, दारे असतात, पुढे कंपनीचे तेच ओळखीचे तोंड असते. 'टूरिंग' हे नाव त्या प्रवासावरून आले.

शर्यतीपूर्वी मात्र तिच्यावर पुष्कळ संस्कार होतात. आतील गाद्या, गालिचे, मागची आसने काढून टाकतात. पोलादी नळ्यांचा एक पिंजरा आतून बसवतात, म्हणजे गाडी उलटली तरी छप्पर चालकाच्या डोक्यावर येऊ नये. चालकाला घट्ट बांधून ठेवणारे अनेक बंदांचे पट्टे, आग विझवण्याची यंत्रणा, कडक स्प्रिंगा, मोठे ब्रेक आणि कोरड्या रस्त्यासाठी खाचा नसलेले गुळगुळीत टायर बसतात. चालकाच्या अंगावर आगीला दाद न देणारा पोशाख आणि डोक्याला हेल्मेट. आपल्या गल्लीत दिसणारी गाडी ती हीच, यावर आत डोकावून पाहिले तर विश्वास बसत नाही. तथापि प्रेक्षकाला ती 'आपली' वाटते. या शर्यतींच्या लोकप्रियतेचे मर्म यात आहे. आपल्याकडे आहे तशीच गाडी पुढे गेली की माणूस टाळी वाजवतो.

या शर्यतींची एक जुनी आणि प्रसिद्ध मालिका ब्रिटनची. ती १९५८ साली सुरू झाली. तिच्या पहिल्याच हंगामाची गोष्ट मोठी सांगण्यासारखी आहे. हंगाम संपला तेव्हा जॅक सिअर्स आणि टॉमी सॉपविथ या दोघांचे गुण सारखे झाले. आता विजेता कोण? नाणेफेक करावी अशी सूचना पुढे आली, ती दोघांनाही पटली नाही. वर्षभर केलेल्या श्रमांचा निकाल नाण्यावर सोडायचा कसा? अखेर ब्रँड्स हॅच येथे दोन अगदी एकसारख्या रायली मोटारी आणल्या गेल्या. दोघांनी पाच फेऱ्यांची एक शर्यत केली. मग गाड्या आपसांत बदलल्या आणि पुन्हा पाच फेऱ्या केल्या, म्हणजे गाडीच्या गुणदोषाचा प्रश्न उरू नये. दोन्ही शर्यतींचा वेळ एकत्र धरला तेव्हा सिअर्स अवघ्या १.६ सेकंदांनी पुढे निघाला. ब्रिटनचा पहिला टूरिंग कार विजेता तो.

या गोष्टीत खेळाची सारी नीती आली आहे. निकाल दैवावर सोडायचा नाही, आणि गाडीचे बळ व माणसाचे कसब यांचा शक्य तितका निवाडा करायचा. पुढे जे नियम झाले ते याच विचाराचा विस्तार म्हणावे लागतील.

हंगाम चालतो कसा? ब्रिटनमध्ये बरीच वर्षे रुळलेली पद्धत अशी : वसंतापासून शरदापर्यंत दहा मेळावे, दर मेळाव्यास रविवारी तीन शर्यती, म्हणजे हंगामात तीस शर्यती. मेळावे निरनिराळ्या ट्रॅकवर भरतात. आज स्कॉटलंडमध्ये, पंधरा दिवसांनी इंग्लंडच्या दक्षिण टोकाला. चालक, यांत्रिक, सुटे भाग, टायर, हत्यारे असा सारा पसारा मोठ्या ट्रकांत भरून संघ गावोगाव फिरतो. पेडण्याच्या वाचकांना दशावतारी कंपनीचा पेटारा आठवावा. आज या देवळासमोर, उद्या त्या देवळासमोर. नट तेच, राजा तोच, रंगमंच मात्र रोज नवा. आपापल्या पेटाऱ्यात काय भरून न्यायचे हे ज्याला कळले, त्याचा अर्धा हंगाम तेथेच सुखाचा होतो.

शनिवारी पात्रतेची चाचणी होते. ज्याने एक फेरी सर्वांत कमी वेळात केली तो पहिल्या शर्यतीत सर्वांच्या पुढे उभा राहत असे. पहिल्या शर्यतीच्या निकालाप्रमाणे दुसऱ्या शर्यतीची रांग लागत असे. तिसऱ्या शर्यतीत मात्र गंमत आहे. एक चिठ्ठी काढतात. समजा, दहाचा आकडा निघाला, तर दुसऱ्या शर्यतीत दहावा आलेला चालक सर्वांत पुढे, नववा त्याच्यामागे आणि पहिला आलेला दहाव्या जागी. जिंकणाऱ्याने पुन्हा गर्दीतून वाट काढून दाखवावी!

गुण पंधराव्या क्रमांकापर्यंत मिळतात. पहिल्यास २०, दुसऱ्यास १७, तिसऱ्यास १५, चौथ्यास १३, पाचव्यास ११, सहाव्यास १०, आणि पुढे एकेक कमी. पहिल्या आणि दुसऱ्यात फरक फक्त तीन गुणांचा, पण गाडी बंद पडली तर हाती शून्य. या एका गोष्टीने साऱ्या खेळाची चाल ठरते. एक उदाहरण घेऊ. सहा शर्यती झाल्या. 'अ' हा धडाडीचा; त्याने तीन जिंकल्या आणि तीन वेळा कठड्यावर आदळून बाहेर पडला. त्याचे गुण ६०. 'ब' एकही शर्यत जिंकला नाही. तीन वेळा तिसरा आणि तीन वेळा चौथा आला. त्याचे गुण तीन पंधरे पंचेचाळीस आणि तीन तेरे एकोणचाळीस, एकूण ८४. वर्तमानपत्रात छायाचित्र 'अ'चे येते, आणि तक्त्यात २४ गुणांनी पुढे असतो 'ब'.

म्हणून मुरलेला चालक एखाद्या वळणावर पुढे घुसण्याची संधी दिसूनही थांबतो. त्याला भीती वाटते असे नाही. तो मनातल्या मनात हिशेब करीत असतो : येथे तीन गुण मिळतील, पण सतरा जाण्याचा संभव आहे. हे धैर्य की भित्रेपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तरी यात शहाणपण दिसते.

दुसरा मोठा नियम वजनाचा. जो जिंकत जाईल त्याच्या गाडीत शिशाचे अथवा धातूचे जादा वजन ठेवायचे, अशी चाल ब्रिटनमध्ये २०२१ पर्यंत होती. काही हंगामांत आघाडीवरच्या गाडीवर ७५ किलोपर्यंत ओझे असे. म्हणजे तांदळाची दीड पोती घेऊन धावायचे आणि तरीही जिंकायचे! २०२२ पासून वजन गेले आणि विजेच्या जोडशक्तीची पद्धत आली. आघाडीवरच्याला ती शक्ती कमी वेळ वापरता येई. २०२५ पासून तीही गेली व टर्बोचा जादा दाब आला. साधने बदलली, तत्त्व एकच राहिले : पुढे असणाऱ्याने जरा अधिक सोसायचे. श्रीमंत संघाने पहिल्या महिन्यातच हंगाम खिशात टाकू नये, शेवटच्या रविवारपर्यंत लोकांना उत्सुकता राहावी, यासाठी ही तजवीज. यात व्यापाराचा भाग आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. तिकिटे खपावीत, दूरचित्रवाणीवर लोकांनी पाहावे, कंपनीच्या गाड्या विकल्या जाव्यात, हे सारे त्यामागे आहेच.

२०१९ चा हंगाम असाच शेवटच्या शर्यतीपर्यंत गेला. ब्रँड्स हॅचला तिसावी शर्यत संपायला आली होती आणि डॅन कॅमिश हा विजेतेपदाच्या जागेवर होता. शेवटच्या काही फेऱ्यांत त्याच्या गाडीचे ब्रेक निकामी झाले व ती वळणावरून सरळ बाहेर गेली. चालक बचावला, विजेतेपद गेले. कॉलिन टर्किंग्टन दोन गुणांच्या फरकाने विजेता ठरला. त्याचे ते चौथे विजेतेपद. तीस शर्यतींच्या हिशेबात दोन गुण म्हणजे काय? मागे कधी तरी एका पावसाळी दुपारी मागच्या रांगेतून येऊन मिळवलेला बारावा क्रमांक आणि चौदावा क्रमांक, यांतील अंतर. त्या दुपारी टाळी वाजवायलाही कोणी उभे नसेल.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतातील मोटारींच्या शर्यतींची जुनी पंढरी मद्रासजवळचे शोलावरम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी तेथे पडून होती. तीवर १९५३ साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवू लागला. यात नवल नाही. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन हेही मूळचे लष्करी विमानतळच. शोलावरमला आपल्या ओळखीच्या फियाट, अँबेसेडर, हेरल्ड या गाड्या धावत. खऱ्या अर्थाने टूरिंग कार त्या ह्याच. पुढे १९९० मध्ये चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे खास ट्रॅक झाला. कोइंबतूरला एस. करिवर्धन या कल्पक गृहस्थांनी देशी सुट्या भागांपासून शर्यतीच्या मोटारी बनवल्या. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. तेथील ट्रॅकला त्यांचेच नाव आहे. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन आली आणि गेली.

राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत आजही 'इंडियन टूरिंग कार्स' असा स्वतंत्र गट असतो. आपल्याकडील हंगाम लहान. मेळावे थोडे, ट्रॅक दोन-तीनच. पण गुणांचे गणित तेच. मराठी वाचकांना जवळची वाटावी अशी एक घटना म्हणजे २०१० मध्ये सुरू झालेला पोलो चषक. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या गाडीचे नाव त्याला होते. अशा चषकात सर्व गाड्या एकाच जातीच्या असतात आणि त्यांची देखभाल एकच यंत्रणा करते. सिअर्स आणि सॉपविथ यांच्यासाठी आणलेल्या त्या दोन सारख्या रायलींचा हा मोठा अवतार म्हणा. आपल्या बेळगावहून फार लांब नसलेल्या कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा गो-कार्टचा ट्रॅक आहे. तेथे लहान वयापासून मुले वळण घ्यायला शिकतात.

आणि गोवा? येथे एक विलक्षण स्थिती आहे. इंडियन रेसिंग लीगचे २०२४ चे विजेतेपद 'गोवा एसेस' या संघाने पटकावले. या लीगमधील मोटारी टूरिंग कार नव्हेत. त्या शर्यतीसाठीच बांधलेल्या उघड्या मोटारी आहेत. पण नाव गोव्याचे आणि गोव्यात कायमचा मोठा ट्रॅक नाही! २०२५ साली वास्कोच्या रस्त्यांवर शर्यत भरवण्याचा बेत जाहीर झाला तेव्हा अनेक रहिवाशांनी विरोध केला. आमच्या घराकडेही चर्चा रंगली. तरुण म्हणत, होऊ द्या. वडीलमंडळी म्हणत, आहे त्या रस्त्यावर जीव मुठीत धरून चालतो, तेवढे पुरे.

दोन्ही बाजूंना मान देऊन मला एवढेच म्हणायचे आहे की, रस्ता बंद करून भरवलेली शर्यत आणि चालू रस्त्यावर लावलेली पैज या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीत कठडे असतात, ठिकठिकाणी मार्शल उभे असतात. पिवळे निशाण दिसले की पुढे धोका आहे, कोणाला मागे टाकायचे नाही. लाल दिसले की शर्यत थांबली. निळे दिसले की मागून वेगवान गाडी येत आहे. काळ्या निशाणासोबत आपला क्रमांक दिसला की मुकाट्याने आत यायचे. रुग्णवाहिका आणि डॉक्टर जागेवर नसतील तर गाड्या सुटत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीची शर्यत होती. सुरक्षिततेचा दाखला हाती येईपर्यंत पहिल्या दिवशी सर्वांना ताटकळत बसावे लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला विजेवरील मोटारींची शर्यत झाली, तेव्हा सरावाच्या दिवशी रोजची वाहने ट्रॅकवर शिरली आणि सराव लांबला. बंदोबस्त ढिला पडला की काय होते याचा तो धडा. तेव्हा अशी शर्यत कोणाला हवी असेल तर त्याने आधी रहिवाशांचे ऐकावे, आणि बंदोबस्त पुरा होत नसेल तर नाद सोडावा.

ओघात येईल म्हटले ते कारण आता सांगतो. माझे मामा खाणीच्या ट्रकावर होते. खाणीवरून माल भरून सारमानसच्या अथवा आमोण्याच्या धक्क्यावर बार्जसाठी टाकायचा आणि परत फिरायचे. पैसे ट्रीपवर. दिवसाकाठी एक ट्रीप जास्त झाली की घरात तेवढे जास्त. म्हणून लाल धुळीच्या अरुंद रस्त्यावर ट्रकामागे ट्रक धावायचे आणि मुले शाळेत जाताना गडग्याला चिकटून उभी राहायची. मामा म्हणत, "ट्रीप मोजणारा माणूस होता, गाडी कशी आणली हे मोजणारा कोणी नव्हता." २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी काही सुरू होऊन २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीज रद्द झाल्या आणि पुन्हा थांबल्या. २०२४ मध्ये डिचोलीत काम परत सुरू झाले. त्या मधल्या वर्षांत कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात गंजले, हे दुःख निराळे. पण धावाधाव करण्याची सवय मात्र आमच्या रस्त्यांवरून गेली नाही.

पेडण्याकडे मोप्याचा विमानतळ झाला. ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. धारगळपासून वर जाणारा रुंद, गुळगुळीत रस्ता आला. असा रस्ता पाहिला की एकोणीस वर्षांच्या मुलाचा हात आपोआप पिळतो. रात्री तेथे आणि साखळीच्या बाजूला मोटारसायकलींच्या पैजा लागतात. माझ्याबरोबर बारावीला बसलेला एक मुलगा निकाल लागल्यावर आठ दिवसांनी अशाच एका पैजेत गेला. पैज होती थंड पेयाच्या एका बाटलीची. त्याला गाडी उत्तम चालवता येत असे. तीन वळणे त्याने सुरेख घेतली, असे मागून येणाऱ्याने सांगितले. चौथ्या वळणावर समोरून दूधवाल्याचा टेम्पो आला. तेथे पिवळे निशाण दाखवायला कोणी नव्हते. त्याची आई अजूनही आमच्या घरी येते आणि मी बेळगावला काय शिकतो ते विचारते.

त्याला वेगाची आवड होती, हा मी त्याचा दोष मानत नाही. वेगाची आवड ज्याला नाही असा तरुण विरळा. पण ज्या शर्यतीत हंगाम नाही, तक्ता नाही, पुढचा रविवार नाही, तेथे माणसाला एकच शर्यत उरते आणि ती जिंकण्यासाठी तो सर्वस्व लावतो. टूरिंग कारचा चालक नेमका याच्या उलट वागतो, कारण पंधरा दिवसांनी त्याला पुन्हा उभे राहायचे असते. तिसरा क्रमांक घेऊन गाडी शाबूत परत आणली की त्याचे यांत्रिक त्याची पाठ थोपटतात. हंगामाचे गणित त्याला हे शिकवते. माझ्या मते या खेळाने आपल्याला देण्यासारखे काही असेल तर ते हे गणित.

मित्रहो, ज्यांना खरोखर वेग शिकायचा आहे त्यांच्यासाठी मार्ग मोकळा आहे. गो-कार्टपासून आरंभ करावा. मोटारस्पोर्ट्सच्या राष्ट्रीय महासंघाचा परवाना मिळवावा. त्याशिवाय अधिकृत शर्यतीत उतरताच येत नाही. खर्च आहे, आणि तो सर्वांना झेपणारा नाही, हेही खरे. ज्यांना झेपत नाही त्यांनी मार्शल व्हावे. स्वयंसेवक म्हणून उभ्या राहणाऱ्या या माणसांवाचून जगात कोठेही शर्यत सुटत नाही. शर्यत सर्वांत जवळून तेच पाहतात. आणि आपल्या गोव्याच्या सरकारने किंवा एखाद्या संस्थेने वस्तीपासून दूर, एखाद्या ओसाड माळावर लहानसा कार्टचा ट्रॅक केला, तर रात्रीच्या रस्त्यावरची निम्मी गर्दी तिकडे जाईल, असा मला विश्वास वाटतो. तेथे निशाण धरायला मी सुट्टीत आनंदाने येईन.